रामलिंग ते पावनखिंड : हातकणंगल्याच्या उंबऱ्यावरील डोंगरवाटा

हातकणंगले म्हटले की उसाची शिवारे, सूतगिरण्या, इचलकरंजीकडे जाणारी वाहने आणि मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील स्थानक एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. डोंगरभटकंतीचा विषय निघाला की याच तालुक्यातील तरुण थेट पन्हाळा, विशाळगड किंवा त्याही पलीकडे सातारा-पुण्याच्या दुर्गांकडे धाव घेतात. गावाच्या उत्तरेस रोज दिसणारी डोंगररांग मात्र देवदर्शनापुरतीच उरते. वास्तविक सह्याद्रीच्या मुख्य धारेची ओळख करून घ्यायची असेल, तर तिचे पहिले धडे या ठेंगण्या डोंगरांतच मिळतात. हे धडे न घेता अवघड वाटांवर उतरल्यामुळे होणाऱ्या अपघातांच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचावयास मिळतात. म्हणूनच या रांगेची रचना आणि तिच्यावरील वाटांची चढती श्रेणी समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन नद्यांमधील कणा

सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे अनेक फाटे फुटतात. त्यांपैकी एक फाटा पन्हाळा आणि जोतिबा यांवरून येत पुढे उतरत जातो आणि आळते, बाहुबलीच्या परिसरात लहान लहान टेकड्यांच्या रूपाने विरतो. याच्या उत्तरेस वारणा, दक्षिणेस पंचगंगा. वारणा सांगलीजवळ हरिपूर येथे आणि पंचगंगा नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते. म्हणजे हा फाटा या दोन नद्यांच्या खोऱ्यांना विभागणारा कणाच होय. पश्चिमेस गगनबावड्याकडे कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येता येता झपाट्याने कमी होतो. त्यामुळे विशाळगडाच्या वाटेवर दाट रान, तर आळत्याच्या डोंगरावर गवत आणि खुरटी झुडपे, असा फरक एकाच रांगेवर दिसतो.

हे सारे डोंगर काळ्या पाषाणाचे, म्हणजेच बेसाल्टचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. त्यांतील कठीण थर झिजला नाही की त्याचा उभा कडा होतो. मऊ, सच्छिद्र थर झिजला की तेथे आडवी, सपाट पट्टी तयार होते. हिलाच डोंगरवासी 'पदर' म्हणतात. कडा, पदर, पुन्हा कडा अशी ही पायऱ्यांसारखी ठेवण ज्याला कळली, त्याला वाट कोठे असेल याचा अंदाज बांधता येतो. चढ नेहमी सोंडेवरून किंवा नाळेतून, आडवी चाल पदरावरून आणि पलीकडे उतरणे खिंडीतून, हा सह्याद्रीतील जुन्या वाटांचा सर्वसाधारण नियम आहे.

माथ्यावर अनेक ठिकाणी जांभ्या दगडाची टोपी असते. पन्हाळा आणि मसाई पठार ही तिची ठळक उदाहरणे. जांभा पाणी शोषून घेतो. ते खालच्या चिवट थरापर्यंत झिरपते आणि कड्याच्या पोटातून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. आळते येथील रामलिंगाच्या गुहेत पिंडीवर ठिबकणारे पाणीही अशाच झिरपण्यातून येते. तेथे जांभ्याऐवजी पाषाणातील भेगा हे काम करतात. मात्र अतिवृष्टीत हेच मुरलेले पाणी उतार सैल करते. जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला होता, त्यावरून या उतारांच्या पावसाळ्यातील अवस्थेची कल्पना यावी.

तीन टप्पे

पहिला टप्पा अर्थातच हातकणंगले तालुक्यातील टेकड्यांचा. रामलिंग, धुळेश्वर, कुंथुगिरी, अल्लमप्रभू डोंगर आणि कुंभोजजवळील बाहुबली ही सारी ठिकाणे एका दिवसाच्या आवाक्यात आहेत. बाहुबलीस समंतभद्र महाराजांनी उभारलेले गुरुकुल आणि २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती पाहून पायऱ्यांनी डोंगरावरील मंदिरांकडे जाता येते. एकाच परिसरात शैव, लिंगायत आणि जैन श्रद्धास्थाने डोंगरावर असावीत, हे या भागाचे वैशिष्ट्य आहे. नवख्याने येथे पायऱ्या सोडून नव्हे, तर मंदिरांना जोडणाऱ्या रुळलेल्या पाऊलवाटांवरून चालण्याचा सराव करावा. गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा यांतील फरक येथेच उमगतो. ढोरवाट गवताच्या शोधात फाटे फोडत जाते व झुडपात संपते. माणसाची वाट पाणवठा, खिंड किंवा देऊळ असे काहीतरी गाठतेच.

दुसरा टप्पा जोतिबा, पन्हाळा आणि पावनगड यांचा. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला सासनकाठ्या घेऊन पायी येणाऱ्या भाविकांनी जोतिबाच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या जागत्या ठेवल्या आहेत. जोतिबाहून पन्हाळ्यास जाताना एका डोंगरावरून उतरून दुसऱ्यावर चढावे लागते. त्यामुळे चढउताराचा खरा अंदाज येतो. जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून झाला. गर्दी वाढणार हे उघड आहे. तटावर चढणे किंवा पडक्या बुरुजाच्या दगडांना धरून वर जाणे हे गिर्यारोहण नव्हे, हेही त्याबरोबर सांगावयास हवे.

तिसरा टप्पा पन्हाळा ते पावनखिंड या मोहिमेचा. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा भेदून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले आणि १३ जुलैस घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व बांदल सेनेने शत्रूस रोखून धरले. ही पन्नास किलोमीटरांहून अधिक लांबीची वाट मसाई पठार ओलांडून करपेवाडी, आंबेवाडी, पांढरपाणी अशा वाड्यावस्त्यांतून जाते. आजही जुलैत हजारो जण ती दोन दिवसांत चालतात. तीत उभे चढ फारसे नाहीत. कस लागतो तो अंतराचा, चिखलाचा आणि सतत भिजण्याचा. पठारावर धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. अशा वेळी पहिला आणि अखेरचा भिडू वाट जाणणारा असणे हाच खरा उपाय.

वेळेचे गणित

किती वेळ लागेल, याचा ठोकताळा विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईस आणखी एक तास. बारा किलोमीटर अंतर आणि ३०० मीटर चढ असेल, तर हिशेब सुमारे तीन तासांचा होतो. परंतु तो सुदृढ व्यक्तीच्या अखंड चालीचा आहे. पावसाळा, नवखा समूह आणि विश्रांती धरता त्याची दीडपट, म्हणजे साडेचार तास धरणे शहाणपणाचे. परतीचा वेळही यात मिळवावा. बहुसंख्य तुकड्या वाट चुकतात त्या चढताना नव्हे, तर सूर्य मावळल्यावर घाईने उतरताना. दुपारी दोनपर्यंत माथा गाठला नाही तर मागे फिरावे, असा नियम निघतानाच ठरवावा. माथ्यावर पोचल्यावर तो ठरविता येत नाही.

धोके आणि दक्षता

उन्हाळ्यात येथील मोठा धोका पाण्याचा. पूर्वेकडील टेकड्यांवरील ओहोळ हिवाळ्यातच आटतात. तेव्हा माणशी किमान तीन लिटर पाणी जवळ हवे. कड्यांना आग्या मोहोळे असतात. धूर, सुगंधी द्रव्ये आणि आरडाओरडा टाळावा. एप्रिल-मेमधील वळवाच्या वेळी माथा, एकटे झाड आणि मंदिराचा उघडा चौथरा सोडून खाली यावे. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ आणि गवत उगवलेला मुरूम ही दोन्ही फसवी असतात. ओढ्याला अचानक आलेले पाणी ओसरेपर्यंत थांबणे हाच मार्ग. दोर धरून तो ओलांडण्याचा अट्टहास करू नये. अडचणीत ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. मात्र खोऱ्यात दूरध्वनी लागेलच असे नाही, म्हणून मार्ग आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवावी.

दोर, हारनेस, कॅरॅबिनर लावून करावयाचे प्रस्तरारोहण हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आपल्याकडील बेसाल्ट ठिसूळ असतो. हाताशी आलेला दगड निघून येणार नाही ना, हे ठोकून पाहावे लागते. दोन हात व दोन पाय यांपैकी तिघांचा आधार पक्का असल्यावरच चौथा हलवावा, हा त्याचा मूळमंत्र. तो प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच गिरवावा. दार्जिलिंगची १९५४ मधील आणि उत्तरकाशीची १९६५ मधील संस्था यासाठी देशभर नावाजलेल्या आहेत. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आखले असून आयोजकांच्या नोंदणीवर त्यात भर आहे. शुल्क भरण्यापूर्वी नोंदणी, प्रथमोपचार आणि वाटाड्यांची संख्या यांची चौकशी करणे हा प्रत्येकाचा हक्क आहे.

वाटा पुसल्या जाण्यापूर्वी

धोका केवळ चालणाऱ्याला नाही, वाटांनाही आहे. टोप, कासारवाडी परिसरातील दगडखाणी महामार्गावरून जाणाऱ्या कोणालाही दिसतात. पायथ्याचा मुरूम उचलला की वरचा उतार निराधार होतो, झऱ्याचा मार्ग बदलतो आणि सोंडेवरची वाट अधांतरी तुटते. दुसरीकडे देवस्थानांपर्यंत डांबरी रस्ते झाल्यामुळे पायवाटांवर गवत माजते. पाच-दहा पावसाळे कोणी चालले नाही, तर ती वाट गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतच राहते. मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आळते-बाहुबलीच्या टेकड्या फुलांच्या पठाराएवढ्या देखण्या नसल्या, तरी भोवतालच्या विहिरींचे पाणी मुरते ते येथेच.

तेव्हा जुलैतील पावनखिंड मोहिमेचा बेत असेल, तर त्याची सुरुवात जानेवारीत रामलिंगापासून करावी. महिन्यातून दोन रविवार या टेकड्या, मग जोतिबा, मग पन्हाळा ते मसाई पठार, असा क्रम ठेवल्यास पाय तयार होतात, नजर तयार होते आणि वाटही मोकळी राहते. पन्हाळगडावरून निघालेल्या सहाशे मावळ्यांना त्या अंधाऱ्या रात्री चिखलातून चालणे जमले, कारण डोंगर त्यांच्या रोजच्या सरावातला होता. हातकणंगलेकरांच्या दारात असा डोंगर आजही उभा आहे.