काँदिद तोव्हेक्स : पार्कातून पर्वताकडे

जन्म १९८२. गाव ला क्लुझा, फ्रेंच आल्प्स. १९९९मध्ये, वयाची विशीही न गाठलेल्या तोव्हेक्सने अमेरिकेतील युटा राज्यातली ‘चॅड्स गॅप’ ही सुमारे ३६ मीटरची दरी हवेत दोन पूर्ण फेऱ्या घेत पार केली आणि फ्रीस्टाइल स्कीइंगच्या जगाचे लक्ष त्याच्याकडे वळले.

एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेतली त्याची सुवर्णपदके तीन वेगवेगळ्या प्रकारांतली आहेत : बिग एअर, म्हणजे एकच मोठी उडी (२०००); सुपरपाइप, म्हणजे बर्फाच्या अर्धगोल पन्हळीतल्या कसरती (२००३); आणि स्लोपस्टाइल, म्हणजे उड्या व अडथळ्यांची मालिका (२००७). एकाच प्रकारात आयुष्य घालवणारे खेळाडू पुष्कळ. असा चौफेर खेळाडू विरळाच.

२००७मध्येच, स्वतःच्याच नावाच्या स्पर्धेत उडी चुकली आणि पाठीचा मणका मोडला. कारकीर्द तिथेच संपू शकली असती. तो परतला, तोही अधिक अवघड वाटेने. २०१०मध्ये त्याने फ्रीराइड वर्ल्ड टूर जिंकली. इथे आखून दिलेला मार्ग नसतो. खडक, कडे आणि मऊ हिम असलेल्या नैसर्गिक उतारावर खेळाडू आपली वाट स्वतः निवडतो. त्या वाटेची अवघडता, वेग, उड्या आणि तोल पाहून पंच गुण देतात. पार्कात, म्हणजे उड्यांसाठी मुद्दाम घडवलेल्या बर्फाच्या उतारावर, घटवलेले हवेतले कसब त्याने या उतारांवर नेले. माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे योगदान हेच.

पुढे त्याने स्पर्धांऐवजी चित्रफितींवर भर दिला. ‘वन ऑफ दोज डेज २’ (२०१५) हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने टिपलेली आहे. स्कीइंग कधीच पाहिले नसेल, तर सुरुवात तिथूनच करा.