रंग चढला, पण धरला का?

गाडीच्या बंपरवरचा रंग चांगला की वाईट, हे त्याची चमक बघून ठरवायचं नसतं. चाकणच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं बंपरच्या रंगाची तपासणी करायचे. हातात एक पातं आणि एक चिकटपट्टी. रंगवलेल्या तुकड्यावर पात्याने उभ्या-आडव्या रेघा ओढून बारीक चौकड्यांची जाळी करायची, त्यावर पट्टी नखाने घट्ट दाबायची आणि झटक्यात उपसायची. पट्टीला चौकड्या चिकटून आल्या की माल नापास. लखलखीत बंपर या परीक्षेत सपशेल आपटतो आणि जरा मंद दिसणारा सहज पार पडतो, हे इतक्यांदा पाहिलंय की चमकेचं कौतुक वाटेनासं झालंय. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. सोसायटीच्या पार्किंगमधून जाताना कुणाच्या बंपरचा पापुद्रा सुटलाय ते मला आधी दिसतं.

असे पापुद्रे हल्ली फार दिसतात. रंगाचा स्प्रे हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, मोबाइलवर कुणीतरी दहा मिनिटांत आरशाचं कव्हर रंगवून दाखवतो आणि रविवारी सकाळी माणूस गच्चीवर चढतो. घरी रंगवायला माझा विरोध नाही. आमच्या वॅगन आरच्या आरशांची कव्हरं आणि मागच्या बंपरचा कोपरा मी निगडीच्या गच्चीवरच रंगवलाय. पण पत्र्याला चालते ती रीत प्लास्टिकला चालत नाही.

कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे बंपर पोलादाचे, क्रोमचा मुलामा दिलेले. ठोकर बसली की पोचा, मुलामा उडाला की गंज. फ्रान्सच्या रेनो कंपनीने १९७२ साली रेनो ५ ही छोटी गाडी प्लास्टिकचे बंपर लावून आणली आणि पुढे हळूहळू जगभरच्या गाड्यांचं नाक-शेपूट प्लास्टिकचं झालं. आज बंपरसाठी सगळ्यात जास्त वापरतात ते पॉलिप्रॉपिलीन. इटलीच्या ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये ते बनवलं. त्यांना आणि जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांना मिळून १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हलकं, स्वस्त, दाबलं तर परत उसळणारं, साबण-ॲसिडला दाद न देणारं. फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा बहुधा याचाच असतो.

आणि ही कुणालाच दाद न देण्याची वृत्ती रंगाच्या मुळावर येते. अळूच्या पानावरून पाणी जसं थेंब होऊन पळतं, तसा पॉलिप्रॉपिलीनवर रंग पसरायला राजी नसतो. मारला तर बसतो, वाळतोही, पण खाली पकड नसते. पहिले काही आठवडे कुणाला कळतसुद्धा नाही. मग एखादा खडा लागून टवका उडतो, धुलाई केंद्रावर पाण्याचा जोरदार फवारा त्या टवक्याच्या कडेला लागतो आणि तळहाताएवढा तुकडा सोलून निघतो.

कारखान्यात यावरचा उपाय आगीचा. रोबोच्या हातात गॅसचा बर्नर असतो आणि तो बंपरच्या अंगावरून सपकन ज्योत फिरवतो. नवीन माणूस पहिल्यांदा बघून दचकतोच. प्लास्टिक वितळायच्या आत ज्योत पुढे गेलेली असते, पण तेवढ्यात अगदी वरच्या थराला ऑक्सिजन जोडला जातो. मग त्यावर पाणी टाकलं तर ते पसरतं, आणि रंगही धरतो. घरी ब्लो टॉर्चने हा प्रयोग करायच्या फंदात पडू नका. हात क्षणभर थांबला की बंपरला लाट येते, आणि ती काही केल्या जात नाही.

घरासाठी प्लास्टिक प्रायमर आहे. पाण्यासारखा पातळ, बहुतेकदा पारदर्शक. त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे क्लोरीन जोडलेलं पॉलिओलेफिन; ते खाली पॉलिप्रॉपिलीनशी जमवून घेतं आणि वर रंगाशी. याचा एकच हलका हात द्यायचा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेत, जी बहुधा काही मिनिटांची असते, पुढचा थर मारायचा. जेवून येऊन मारू म्हटलं तर उपयोग संपला. साधा राखाडी प्रायमर म्हणजे हा नव्हे. दुकानदार ‘सगळ्यावर चालतो’ म्हणून तोच पुढे करतो. डब्यावर पॉलिप्रॉपिलीनचा किंवा पीपीचा उल्लेख आहे का, ते चष्मा लावून वाचा. आणि हा प्रायमर लागतो तो जिथे उघडं प्लास्टिक दिसतंय तिथे. कंपनीचा जुना रंग घट्ट असेल तर तोच उत्तम पाया, उगाच खरवडून काढू नका.

हातातला भाग कोणत्या प्लास्टिकचा, हे ओळखणं अवघड नाही. उलटा करा. आतल्या बाजूला दोन टोकदार कंसांमध्ये इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. पीपी आणि पुढे ईपीडीएम म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिसळलेलं रबर. त्यापुढे टी २० असेल तर वीस टक्के शंखजिऱ्याची पूड. बंपरवर साधारण हेच सापडतं. एबीएस असं लिहिलं असेल तर निम्मं काम सोपं. आरशांची कव्हरं, ग्रिल यांत ते बरंच वापरतात आणि त्यावर चांगला प्रायमर सरळ धरतो. अक्षरं नसतील तर आतून बारीक ढलपी काढून पाण्यात टाकून बघतात: निव्वळ पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, एबीएस बुडतं. पण शंखजिरं भरपूर घातलेलं पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकतं, म्हणून बुडालेल्या ढलपीवर फार विसंबू नये. शंका असेल तर पॉलिप्रॉपिलीन धरून चालावं, त्यात नुकसान काही नाही.

आता धुणं. आमच्या पेंट शॉपमध्ये आत जाताना केसांना सीरम चालत नसे, हाताला क्रीम नाही, डिओडरंट नाही. बायका कुरकुरायच्या, पण त्याला कारण होतं. सिलिकॉनचा बारीकसा अंश रंगाखाली राहिला तरी तिथून रंग मागे सरतो आणि गोल खड्डा पडतो. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. आणि आपण हौसेने काय करतो? टायरला, डॅशबोर्डला, बंपरच्या काळ्या पट्टीला चमकवायचं पॉलिश फासतो. त्यातल्या बऱ्याच पॉलिशांत सिलिकॉनच असतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी साबणाचं पाणी आणि घासणी, खाचाखोचांतून, कडांच्या आतून. स्वच्छ धुऊन वाळवा. मग ग्रीस रिमूव्हर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन फडक्यांनी: एकाने ओलं पुसायचं, ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. एकाच फडक्याने पुसलं तर मळ नुसता इकडून तिकडे फिरतो. हे सगळं घासकामाच्या आधी; नाहीतर कागद तोच तेलकटपणा ओरखड्यांत भरून ठेवतो. घासून झालं की पुन्हा एकदा पुसायचं. रॉकेल नको, ते मागे तवंग सोडतं. थिनर एबीएसला मऊ करतो, त्यावर केसासारख्या भेगा दिसू लागतात. बाजारातून नवा कोरा काळा बंपर आणला असेल तर तो स्वच्छच आहे असं समजू नका. साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं द्रव्य त्याच्या अंगावर असतं. दिवसभर उन्हात तापवून तो पुन्हा धुतलेला बरा.

घासायला वॉटर पेपर, पाण्याबरोबर. जुन्या रंगाच्या तुटलेल्या कडा ३२० ने उतरत्या करायच्या, बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. शेवटी ६०० ने सगळीकडची चमक मारायची. उघड्या पॉलिप्रॉपिलीनवर भरड कागद चालवलात तर त्याला लव फुटते आणि ती रंगाखालून डोकावते. ज्या कोपऱ्यांत कागद पोचत नाही तिथे राखाडी स्कॉच-ब्राइट. खोल ओरखड्याला लांबी भरायची तर प्लास्टिकसाठीची, लवचीक. पत्र्याची लांबी जाड थापली की बंपर दबताच तडकते.

शेजारचा मुलगा आरशाचं कव्हर घेऊन आला होता. म्हणाला, “काकू, संध्याकाळी मिळेल ना? ट्रेकला जायचंय.”

“परवा ये.”

“अहो, डब्यावर तर दहा मिनिटांत वाळतो असं लिहिलंय!”

“बोटाला लागत नाही म्हणजे वाळला नव्हे. आणि आज रंगवणारच नाही, आभाळ बघ.”

ऑगस्ट होता. पावसाळी हवेत रंगातलं द्रावक भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर उतरते. वाळल्यावर दुधी झाक दिसते. मुंबई-कोकणाला हा त्रास पावसाळा सोडूनही होतो. उलट मे महिन्याच्या दुपारी रंगाचे कण वाटेतच वाळतात आणि खरखरीत थर बसतो. पुण्याकडे दिवाळीनंतरचे महिने, दव सुकल्यावरची सकाळ, वारा उठायच्या आत, ही माझी आवडती वेळ.

रंगाचा हा दाबाचा डबा अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एडवर्ड सीमोर यांनी १९४९ मध्ये काढला, आणि ही युक्ती त्यांच्या पत्नीची, बॉनीची, असं सांगतात. आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटं तो हलवायचा. ती खुळखुळली म्हणजे झालं असं नाही. अंतर एक वीत. बोट दाबायचं ते भागाच्या बाहेर, सरळ रेषेत पलीकडे जाऊन बाहेरच सोडायचं, आणि पुढचा पट्टा आधीच्यावर निम्मा चढवायचा. मनगट वळवू नका, अख्खा हात सरकवा. पहिला हात इतका हलका की खालचं दिसत राहावं. तेव्हाच सगळं झाकायचा मोह झाला की ओघळ आलाच. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. कोरड्या फडक्याने प्लास्टिक पुसलं की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि धूळ ओढली जाते, म्हणून शेवटचं पुसणं ओलसर. जमिनीवर पाणी शिंपडून घ्यायचं.

रंग मारताना पसरणारी वाफ हा चेष्टेचा विषय नाही. डब्यातला दाब बहुतेकदा ज्वालाग्राही वायूचा असतो. बाल्कनीत गॅस गीझर असेल तर तिथे हे काम करू नका, समई लावलेल्या खोलीशेजारी तर मुळीच नको. कापडी किंवा एन ९५ मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो. हार्डनर मिसळायचे दोन भागांचे क्लिअर कोट पेट्रोलला आणि उन्हाला छान टिकतात, पण त्यातल्या आयसोसायनेटने दमा कायमचा मागे लागू शकतो. कारखान्यात आमच्या रंगाऱ्यांना बाहेरून नळीने हवा मिळायची. घरी एका भागाचा साधा क्लिअर कोट घ्या, थोडा कमी टिकला तरी चालेल. आणि खालच्या मजल्यावरच्यांचे कपडे वाळत आहेत का ते बघून घ्या. रंगाचा तुषार पुष्कळ लांब जातो, भांडण त्याहून लांब.

आठवडाभराने बंपरच्या आतल्या कडेवर, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, चिकटपट्टी दाबून ओढा. स्वच्छ निघाली तर भाग चढवा. महिनाभर धुलाई केंद्राचा फवारा आणि पॉलिश, दोन्ही लांब ठेवा.

रंग तंतोतंत जुळेल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मारुतीचा सुपीरियर व्हाइट, कोड २६यू, हा सपाट पांढरा जमून जातो. सिल्की सिल्व्हर, कोड झेड२एस, तितका सोपा नाही. त्यात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. हात ओला पडला की ते एका तऱ्हेने बसतात, कोरडा पडला की दुसऱ्या, आणि एकाच डब्यातून दोन छटा निघतात. मुळात कंपनीतही गाडीचा सांगाडा आणि बंपर वेगवेगळे रंगतात. सांगाड्याचा रंग सुमारे १४० अंशांवर भाजतात, प्लास्टिकला ते सोसत नाही, त्याला ८० च्या आसपास. त्यामुळे शोरूममधून निघालेल्या नव्या गाडीतही बंपर आणि दार यांच्यात किंचित फरक असू शकतो. नीट बघितलं तर दिसेल, न बघितलेलं बरं.

सिल्व्हर किंवा मोती छटेचा अख्खा बंपर मी घरी रंगवणार नाही. हल्ली काही गाड्यांच्या बंपरमागे रडार असतं, तिथेही नाही: लांबीचा किंवा रंगाचा जाड थर त्याच्या आड आला तर अंतर चुकू शकतं. असे बंपर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे द्या. देताना किमतीआधी एवढंच विचारा की उघड्या प्लास्टिकवर प्लास्टिक प्रायमर कोणता मारणार, आणि डबा दाखवायला सांगा. “त्याची काय गरज, मॅडम, आम्ही वीस वर्षं असंच करतोय,” असं उत्तर आलं तर पुढचं गॅरेज बघा.