होडी तीच, इंजिन नवे!

काशीच्या मणिकर्णिका घाटावर चिता रात्रंदिवस जळतात. समोरून यात्रेकरूंना नेणाऱ्या होड्यांच्या डिझेलचा धूरही त्यात मिसळत असे. २०२१ पासून या जुन्या होड्यांना सीएनजी इंजिने बसू लागली. खिडकिया घाटावर त्यांच्यासाठी तरंगता गॅसपंपही झाला.

नुसती टाकी बदलून मात्र भागत नाही. डिझेल दाबाने तापलेल्या हवेत आपोआप पेटते; सीएनजीला स्पार्क प्लगची ठिणगी लागते. शिवाय सांडलेल्या डिझेलचा पाण्यावर तवंग येतो, तर गळलेला सीएनजी हवेहून हलका असल्याने वर निघून जातो. अर्थात सिलिंडर आणि नळ्यांची वेळोवेळी तपासणी हवीच.

ज्या गंगेचे पाणी भाविक तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात, तिच्यासाठी हा बदल लहान कसा म्हणावा?