कळसूबाई चढायची, तर तयारी घरापासून

गेल्या हिवाळ्यात वस्तीतल्या महिलांना घेऊन आम्ही कळसूबाईला गेलो. पहिल्या लोखंडी शिडीजवळ एका ताईंना घेरी आली. पहाटे नुसता चहा घेऊन त्या निघाल्या होत्या. रक्त कमी आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण 'मग मला नेणार नाहीत' या भीतीने त्या बोलल्या नाहीत. आमच्यातल्या दोघी त्यांना घेऊन खाली उतरल्या. तेव्हापासून आम्ही तयारी तपासणीपासूनच सुरू करतो.

कळसूबाई 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून आठशे मीटरहून जास्त चढ आहे. एक मजला 3 मीटरचा धरला, तर पावणेतीनशे मजले!

आधी तपासणी : निघण्याच्या दोन महिने आधी हिमोग्लोबिन, बीपी, शुगर तपासा. बायकांचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर आधी उपचार घ्या, डोंगर कुठे पळून जात नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नका. त्या दिवशी कशा घ्यायच्या, ते डॉक्टरांना विचारा.

सहा आठवडे सराव : आठवड्यातून चार दिवस भरभर चाला. जवळच्या इमारतीचा जिना चढा आणि उतरा. गुडघे दुखतात ते जास्त करून उतरताना. शेवटचे दोन आठवडे पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन चढा. नवे बूट आधी सरावात वापरा.

त्या दिवशी : भाकरी किंवा पोहे खाऊनच निघा. माणशी तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, ओआरएस घ्या. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखर खिशात ठेवावी. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला की लगेच खावी. बोलता येईल एवढ्याच वेगाने चढा.

थांबायचं कधी : छातीत दुखलं, बसूनही धाप थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली, कोणी बरळू लागलं, तर चढणं तिथेच बंद करा. 108 ला फोन लावा. त्या माणसाला एकटं सोडू नका.

सगळ्यात हळू चालणारीला पुढे ठेवा. तिच्या चालीने सगळे चाला. मग कोणालाच दुखणं लपवावं लागणार नाही.

त्या ताई गोळ्या घेत आहेत, रोज जिना चढत आहेत. यंदा सगळ्यांच्या पुढे त्याच असतील.