मूत्रपिंडांना औषधांची झळ, वनस्पतींची ढाल?

प्राण वाचवणारे औषधच कधीकधी मूत्रपिंडावर घाला घालते. कर्करोगावरील सिस्प्लॅटिन, गंभीर जंतुसंसर्गात वापरले जाणारे जेंटामायसिन आणि प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन ही याची ठळक उदाहरणे होत. ही हानी वनस्पतिजन्य द्रव्यांनी रोखता येईल काय, याचा शोध चेन्नईतील संशोधकांनीही घेतला आहे.

मूत्रपिंडे दररोज सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातील बहुतांश सूक्ष्म नलिका पुन्हा शोषून घेतात. या शोषणातच मेख आहे. नलिकांच्या पेशी जेंटामायसिनही आत ओढून साठवतात. सिस्प्लॅटिन तेथेच शिरते. परिणामी पेशींत मुक्त कणांचा उपद्रव वाढतो आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका निकामी होऊ लागतात. सायक्लोस्पोरिन तर मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्याही आकुंचित करते.

मद्रास विद्यापीठाच्या तारामणी येथील वैद्यकीय जीवरसायनशास्त्र विभागात पी. वरलक्ष्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात वायवर्णा वृक्षाच्या सालीतील ल्युपिऑल या द्रव्याचा अभ्यास केला. हा वृक्ष आयुर्वेदात वरुण या नावाने मुतखड्यावर सांगितलेला आहे. मुतखड्याची स्थिती निर्माण केलेल्या उंदरांमध्ये ल्युपिऑलमुळे मुक्त कणांचा त्रास कमी झाल्याचे आढळले. पुढील दशकात याच विभागाने सरगॅसम या तपकिरी समुद्रशेवाळातील सल्फेटयुक्त बहुशर्करा सायक्लोस्पोरिन दिलेल्या उंदरांवर वापरून पाहिली, तेव्हा तंतुकणिकांतील बिघाड घटला. शेवाळ काटेकोर अर्थाने वनस्पती नव्हे, ही गोष्ट वेगळी.

मात्र उंदरांवरील यश म्हणजे रुग्णासाठी उपचार नव्हे. सिस्प्लॅटिनबाबत पेच अधिकच अवघड आहे, कारण मूत्रपिंडाच्या पेशीचे रक्षण करणारे द्रव्य कर्कपेशीलाही वाचवण्याची शक्यता नाकारता येत नाही.

शिवाय ‘वनस्पतिजन्य’ म्हणजे निर्धोक, ही समजूत महाग पडू शकते. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींची भुकटी घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. दोष अ‍ॅरिस्टोलोकिया वनस्पतीतील आम्लाचा निघाला. कमरखासारखे आंबटगोड फळही मूत्रपिंडाच्या रुग्णांना विषासमान ठरल्याची उदाहरणे आहेत.

म्हणूनच रुग्णालयांत आजही भर आहे तो सिस्प्लॅटिनसोबत शिरेतून पुरेसे सलाईन देण्यावर, सायक्लोस्पोरिनची रक्तातील पातळी मोजण्यावर आणि क्रिएटिनिनच्या नियमित तपासणीवर. रुग्ण घरी एखादा काढा घेत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालणे आवश्यक असते.