मुलगा सारखा पडतो? रागावू नका!

मैत्रिणींनो, चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना आधी हात टेकतो, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात रोवत उभा राहतो. एस.टी.ची पायरी चढवत नाही, चालता चालता पडतो. पोटऱ्या मात्र भरदार! आपलं इस्लामपूर म्हणजे तालमींचा मुलूख. घरचे म्हणतात, ‘आळशी झालाय, बैठका मारू दे!’ थांबा, आधी हे वाचा.

पोलक्याच्या कापडाला अस्तर आपण टाक्यांनी धरून ठेवतो ना? स्नायूच्या पेशीतही असाच एक टाका असतो. त्याचं नाव डिस्ट्रोफिन. या लांबलचक प्रथिनाचं एक टोक पेशीतल्या अ‍ॅक्टिनच्या धाग्यांना धरतं, दुसरं पेशीच्या पातळ आवरणातल्या प्रथिनांना. मधल्या दांड्यात एकासारखे एक २४ तुकडे ओळीनं असतात. स्नायू आखडला-ताणला की ओढ या टाक्यांवर वाटली जाते, आवरण फाटत नाही. टाकाच नसेल तर आवरणाला चिरा पडतात, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी चरबी साठते. फुगलेल्या पोटऱ्या म्हणजे ताकद नव्हे! बैठकांनी तर उरलासुरला स्नायूही लवकर झिजतो.

हा डुशेन स्नायूक्षय. त्यामागचं हे प्रथिन १९८७ साली अमेरिकेत सापडलं.

आता घराघरातला प्रश्न : दोष कुणाचा? याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. पण सुमारे एकतृतीयांश मुलांत हा बिघाड नव्यानंच झालेला असतो, आईत तो नसतोच. आणि असला, तरी तो तिनं मागून घेतलेला नाही. म्हणून सुनेला बोल लावू नका. मात्र आई वाहक असेल तर पुढच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता असते. तेव्हा दुसऱ्या बाळाआधी जनुक-तपासणी करून घ्या. तिच्या बहिणींनाही सांगा, लपवू नका.

शंका आली तर डॉक्टरांना सीपीके ही रक्ताची साधी तपासणी करायला सांगा. या आजारात तो आकडा कितीतरी पटींनी वाढलेला असतो. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड, हलका व्यायाम आणि हृदय-श्वासाची वेळोवेळी तपासणी यांनी मुलाची चालती-फिरती वर्षं वाढतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे. प्रमाणपत्र जरूर काढा.

आणि हो, तो पडला की ओरडू नका. हात द्या!