कट्टा कोणी उचलायचा?

धानाचा सरकारी कट्टा ४० किलोचा. भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडच्या बांधीतून निघालेलं धान तुमसर भागातल्या खरेदी केंद्रावर उतरतं, मोजलं जातं, थप्पीला लागतं, मग ट्रकवर चढून राइस मिलमध्ये जातं. भरडाईत क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ द्यायचा असतो. तो ५० किलोच्या पोत्यांत भरला की पुन्हा ट्रक, पुन्हा सरकारी गोदाम, शेवटी रेशन दुकान. तोच दाणा सात-आठ वेळा माणसाच्या पाठीवरून जातो. गोदामात यंत्रं आणावीत की नको, हा वाद शहरांत रोबोटवरून रंगतो. भंडाऱ्यात तो या पाठीपासून सुरू करावा लागेल.

एकेकाळी पोतं १०० किलोचं असायचं. ते ५० वर आलं त्यामागे बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांचा लढा आहे. १९६९च्या माथाडी कायद्याने हमालाला नोंदणी आणि मंडळ दिलं. मालकाने मजुरीवर भरायच्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी आणि औषधपाण्याची सोय झाली. वजन घटलं, थप्पीची उंची मात्र तशीच राहिली. खाली लाकडी फळ्या, त्यावर एक थर उभा, एक आडवा. थप्पी डोक्याच्या वर गेली की कट्ट्यांच्याच पायऱ्या करून मानेवर ओझं घेऊन चढायचं. तागाचं पोतं घामाने निसटतं, तोल गेला की माणूस आणि माल दोन्ही खाली.

इथे कामाला येतं ते साधं यंत्र: चाकांवरचा, हवा तितका उंच करता येणारा रबरी पट्टा. खालच्याने कट्टा ठेवायचा, वरच्या दोघांनी रचायचा. रोबोटसारखे याचे फोटो कोणी छापत नाही, पण चढण्याचा धोका तोच संपवतो.

पूर्ण स्वयंचलित गोदामाची गोष्ट वेगळी. ॲमेझॉनने २०१२ साली किवा ही रोबोट बनवणारी कंपनी ७७.५ कोटी डॉलरना घेतली. त्यानंतर ॲमेझॉनच्या गोदामांत माणूस मालाकडे न जाता मालाचं कपाट माणसाकडे चालत येऊ लागलं. चुका घटतात, जागा वाचते. मात्र एका जागी उभ्या कामगाराला यंत्राच्या वेगानेच हात चालवावा लागतो, दम खायला चालण्याचं निमित्तही उरत नाही. शिवाय दाटीवाटीने यंत्रं बसवलेल्या गोदामात आग विझवणं अवघड. ब्रिटनच्या ओकाडो कंपनीचं अँडोव्हरचं गोदाम २०१९ मध्ये जळालं. २०२१ मध्ये त्यांच्याच एरिथच्या गोदामात तीन रोबोट एकमेकांवर आदळून आग लागली. धान्याची धूळही पेटते, हे आपल्याकडे लक्षात ठेवलेलं बरं.

ही व्यवस्था जशीच्या तशी तुमसरला आणून भागणार नाही. खोका चौकोनी असतो, कट्टा ढिला, कुठे उसवलेला. १९८७च्या कायद्यामुळे सरकारी धान्याला तागाचाच बारदाना लागतो, अपवाद टंचाईपुरता. भिवंडीतल्या गोदामांना बारा महिने काम असतं. इथे दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने आणि उन्हाळी धानाचा हंगाम, बाकी यंत्र झाकून ठेवा आणि हप्ते भरा.

पंजाबात मोगा आणि हरियाणात कैथल इथे २००७ पासून गहू पोत्याविना पोलादी कोठ्यांत, म्हणजे सायलोत, साठवला जातो. धानाचं तसं करायचं तर आधी ते वाळलं पाहिजे. खरेदी केंद्र १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालवून घेतं. एवढं ओलं धान सायलोत कोंडलं तर तापून पिवळं पडेल. म्हणून माझ्या मते पैसा असेल तर पहिलं यंत्र धान वाळवण्याचं, दुसरं पट्ट्याचं. आणि राइस मिलवाले व सरकार यांच्यात भरडाईच्या दरावरून उचल अडते, गोदामं तुंबतात, धान ताडपत्रीखाली अवकाळी पाऊस खातं, त्यावर कुठलंच यंत्र नाही. तो कागदाचा गुंता मुंबईतच सुटतो.

राहिला हमाल. त्याची मजुरी कट्ट्यावर ठरते. पट्टा आला की टोळीतली माणसं कमी होतात, मजुरीचा आकडा घटतो आणि त्यावरची लेव्हीही. म्हणजे पाठ वाचलेल्या माणसाचा म्हातारपणाचा पैसाच आटतो. लेव्ही मजुरीवर न धरता हललेल्या कट्ट्यावर धरली, मग तो पाठीवरून हलो की पट्ट्यावरून, तर यंत्राला विरोध करण्याचं हमालाचं निम्मं कारण संपेल.